रात्रीचा तंबोरा

वारूळवाडीतल्या घरी दिवसा रेडिओवर भजन लावावं, तर पुणे-नाशिक रस्त्यावरच्या गाड्या आणि पिठाची गिरणी त्यात आपला सूर मिसळतात. पखवाज ऐकू येतो, मागचा तंबोरा बुडतो. आवाज वाढवला, तर गाणं कर्कश होतं. रात्री तोच रेडिओ गोड लागतो, कारण भोवतीचा गलका ओसरलेला असतो.

शिवाय निरभ्र रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि वर निघालेला आवाज खाली वळतो. नारायणगावच्या तमाशाची ढोलकी लांबच्या शिवारात पोचते ती अशी! पण मग आपलं भजनही शेजारी अभ्यासाला बसलेल्या पोरापर्यंत पोचतं. सन २००० च्या नियमांनी वस्तीतली रात्रीची मर्यादा दिवसापेक्षा १० डेसिबलनं कमी ठेवली आहे, म्हणजे ध्वनिशक्ती एक दशांश. तेवढं बटण मागं फिरवून पाहा. तंबोरा तरीही ऐकू येईल.