पडद्यावरचा फळा
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



बंगळूरुच्या हेब्बाळ भागातील घरी बसून मी पदवीच्या विद्यार्थ्यांना दूरस्थ पद्धतीने गणित शिकवतो. ही वाट तशी जुनी आहे. सप्टेंबर २००४ मध्ये ‘एज्युसॅट’ अवकाशात गेला. त्याच्या प्रायोगिक प्रकल्पात बेळगावचे विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सहभागी होते. मार्च २०२० च्या टाळेबंदीने दूरस्थ वर्ग घरोघरी नेला.

या साधनांनी काय साधते आणि काय साधत नाही, हे एका उदाहरणाने सांगतो. एक, एकद्वितीयांश, एकतृतीयांश, एकचतुर्थांश अशी पदे मिळवत जा. संगणकाने पहिली एक कोटी पदे मिळवली, तरी बेरीज १७ च्या आतच राहते. पडद्याकडे पाहणाऱ्याला वाटते, ही आता थांबणार. साधनाचे काम येथे संपते आणि शिक्षकाचे सुरू होते. एकतृतीयांश व एकचतुर्थांश मिळून अर्ध्याहून अधिक होतात. पुढची चार पदे मिळून अर्ध्याहून अधिक, त्यापुढची आठही तशीच. असे गट कधीच संपत नाहीत. म्हणून ही बेरीज कोणतीही मर्यादा ओलांडते. चौदाव्या शतकात फ्रान्समधील निकोल ओरेम यांनी हे केवळ विचाराने सिद्ध केले होते.

म्हणून सिद्धता मी तयार पानांवरून दाखवत नाही. डिजिटल लेखणीने एकेक ओळ लिहितो, मध्येच थांबतो. विद्यार्थ्यांकडून वहीच्या पानाचे छायाचित्र मागवतो, तेही खाडाखोडीसह. कारण विचार कोठे अडला ते खाडाखोडीतच दिसते. ज्यांचे नेटवर्क तुटते, त्यांना टिपणे आधीच पाठवतो.

तरीही एक उणीव उरते. वर्गात कपाळावरची आठी दिसते. पडद्यावर दिसतात फक्त नावांचे चौकोन. त्यांतील कितीतरी मुले मातृभाषेत शिकून आलेली असतात आणि इंग्रजीत शंका विचारायला कचरतात. त्यांना मी सांगतो, शंका मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, पण लिहा. न विचारलेली शंका कोणतेही यंत्र शोधून काढत नाही.

‘असे का?’ हा प्रश्न निर्भयपणे विचारायला या शाळेने मला मराठीत शिकवले. साठ वर्षांचे हे धन पुढच्या पिढ्यांनाही लाभो, हीच प्रार्थना.