सुग्गियाचं मृत्युपत्र

संगीत हा काही माझा विषय नाही. घर कोणाच्या नावावर आहे, हे बायकांना विचारण्यात माझे दिवस जातात. म्हणूनच गिलेर्मिना सुग्गियाच्या वादनाइतकंच तिचं मृत्युपत्रही मला महत्त्वाचं वाटतं.

ती पोर्तुगालची, जन्म १८८५चा. वाजवायची चेलो. व्हायोलिनच्या कुळातलं हे मोठं वाद्य, दोन गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं. तेवढ्यावरूनच युरोपातल्या सभ्य मंडळींना ते बाईला अशोभनीय वाटे! कित्येकींनी पाय एका बाजूला घेऊन, अंग पिळवटून ते वाजवलं. सुग्गिया सरळ बसून वाजवी. आधी वडिलांकडे शिकली, मग लाइपझिगला. पॅरिसमध्ये विख्यात चेलोवादक पाब्लो कासाल्सबरोबर राहिली; लग्न झालेलं नसतानाही तिच्या नावाला त्याचं नाव जोडलं जाई. नंतर ती वेगळी झाली आणि लंडनमध्ये स्वतःच्या नावावर उभी राहिली.

१९५० साली ती वारली. आपला मौल्यवान स्ट्रॅडिव्हेरियस चेलो विकून तरुण चेलोवादकांना शिष्यवृत्ती द्यावी, असं तिनं लिहून ठेवलं होतं. १९५६ साली ही शिष्यवृत्ती मिळाली अकरा वर्षांच्या एका मुलीला. तीच पुढे जगभर गाजलेली जॅकलिन द्यु प्रे.

मृत्युपत्राचा विषय काढला की बायका हसतात, ‘ताई, आमच्याकडं आहे काय?’ शिलाई मशीन असतं, दोन शेळ्या असतात, पोस्टातलं पुस्तक असतं. मागं हे कोणाला, हे तिला कुणी विचारत नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या नावावरच्या वस्तूंची यादी आणायची आहे. मशीनची पावती असेल तर तीही.