कामाची वही



आपल्यापैकी पुष्कळांची घरे हातच्या कसबावर चालतात. कुणी वायरमन, कुणी रंगारी, कुणी शिंपी, कुणी फ्रीज दुरुस्त करणारा. कसबात आपण कमी नाही. कागदात मात्र फार कमी पडतो. म्हणून आज कामाच्या वहीविषयी बोलण्याचे योजिले आहे.

माझा एक माजी विद्यार्थी वायरिंगची कामे घेतो. एका बंगल्याचे काम त्याने पॉइंटामागे 300 रुपये मजुरीने घेतले. ठरले 42 पॉइंट, म्हणजे 12,600 रुपये. पुढे मालकांनी माडीवर पंखे सांगितले, बाईंनी न्हाणीघरात गीझर, ओट्यावर मिक्सरची जागा. असे करता करता 11 पॉइंट वाढले. सगळे तोंडी. हिशेबाच्या दिवशी मालक म्हणाले, "हे ठरलेल्यातच होते." उचल किती दिली यावरही वाद. हा म्हणे आठ हजार, ते म्हणत दहा. मुलगा शपथेवर आला. तेव्हा मालकांनी डायरी काढली. तारखेसह 2,000 रुपयांची नोंद! पैसे याच्याच मदतनिसाने नेले होते आणि त्यातून पाइप आणले होते. मुलगा खोटारडा नव्हता, विसरला होता. पण त्यानंतर त्याच्या 11 पॉइंटांवरही कुणी विश्वास ठेवला नाही. 3,300 रुपये बुडाले, आणि त्या गल्लीतली पुढची कामेही गेली.

मला म्हणाला, "सर, तुम्ही शेकडेवारी शिकवलीत, पावती लिहायला कधी शिकवली नाहीत." मला उत्तर सुचले नाही.

कार्बनची एक वही पुरते. काम धरण्यापूर्वी काय करायचे, कोणत्या दराने, आणि काय करायचे नाही, तेही लिहा. भिंत फोडल्यावर गिलावा कोणी करायचा यावरून निम्मी भांडणे होतात. वाढीव काम ज्या दिवशी सांगितले त्याच दिवशी नोंदवा व गिऱ्हाइकाची सही घ्या. पैसे कोणी दिले, कोणी घेतले, हे नावानिशी लिहा. गिलाव्याआधी भिंतीतल्या पाइपांचे मोबाईलवर फोटो काढा. नंतर ते कोणालाच दिसणार नाहीत.

सहीचा आग्रह मी का धरतो? नियमित ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद न्यायालयात पुराव्यात घेतली जाते, परंतु केवळ तेवढ्यावर समोरच्यावर देणे लादता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हेच होते, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच आहे. शिवाय केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा लावण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. त्या मुदतीच्या आत गिऱ्हाइकाने बाकी असल्याचे सहीनिशी लिहून दिले, तर तेथून मुदत नव्याने मोजतात. तेव्हा वही भरली म्हणून रद्दीत घालू नका.

"ओळखीच्या माणसाकडे सही मागायची लाज वाटते," असे पालक म्हणतात. बंधूंनो, कुराणशरीफातील सर्वांत लांब आयत, सूरह बकरहची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. मजकूर सांगायचा तो देणेकऱ्याने, असेही तीत आहे. मग लाज कसली?

अब्बा संध्याकाळी थकून येतात, त्यांच्याने लिहिणे होत नाही. विद्यार्थ्यांनो, ते काम तुमचे. दहा मिनिटे बसा, आज काय झाले ते विचारा आणि लिहा. मी स्वतः आता नववीच्या वर्गाकडून शनिवारी पावती लिहवून घेतो. परवा एका मुलीने विचारले, "सर, गिऱ्हाइकाने सहीच दिली नाही तर?" मी म्हणालो, त्याच संध्याकाळी त्यांच्या मोबाईलवर संदेश पाठव: आज आपण अमुक दोन पॉइंट वाढवायला सांगितलेत, त्यांचे 600 रुपये होतील, चूक असल्यास उद्या काम सुरू होण्यापूर्वी कळवावे. तिने ते तिथेच वहीत उतरवून घेतले.