दर्यावरची सहल आणि थांबण्याचे शिक्षण

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेच्या सहली, निदान दर्यावरच्या तरी, बंद कराव्यात असे काही पालकांचे म्हणणे आहे. त्यामागची काळजी मला समजते. म्हणूनच मुरुड-जंजिऱ्याच्या एका सहलीची हकीकत आपल्यापुढे ठेवतो.

ऑक्टोबर २०१९ मध्ये, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही चाळीस मुलामुलींना घेऊन मुरुडला गेलो. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचे, असा बेत होता. पण त्याच सुमारास अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ उठले. ते किनाऱ्यावर न येता पश्चिमेकडे सरकले, तरी कोकणाला पाऊस आणि वाऱ्याने झोडपलेच. होड्या धक्क्याला बांधलेल्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला, ऊन पडले. मुले अधीर झाली. बरोबर आलेल्या एका गृहस्थांनी जादा भाडे देऊ केले. वयस्कर तांडेल शांतपणे म्हणाले, “साहेब, वारा पडला, पण दर्या अजून बसलेला नाही. भाडे उद्याही मिळेल.”

सुट्टीच्या हंगामातले दोन दिवसांचे उत्पन्न बुडत असताना त्यांनी हा नकार दिला, हे लक्षात घ्या. आणि त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. दूरच्या वादळाने उठवलेल्या लाटा शेकडो मैल चालून येतात. आकाश निवळले तरी त्या येतच राहतात. त्यातून जंजिऱ्याला होडी दरवाजाच्या पायऱ्यांनाच लावावी लागे. होडी वरखाली होत असता मुलांना उतरवणे म्हणजे हातपाय चेचण्याचा धोका.

तिसऱ्या दिवशी आगरदांड्याहून दिघीला जाणारी फेरीबोट सुरू झाल्याचे कळले. हा मार्ग राजपुरीच्या खाडीतला. दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे तेथे उघड्या समुद्राइतका मार बसत नाही. माणसांबरोबर मोटारी वाहून नेणाऱ्या त्या बोटीतून मुले पैलतीरी जाऊन आली. भरती-ओहोटी, खाडी आणि खुला समुद्र यांतला फरक त्यांनी डोळ्यांनी पाहिला. ‘जंजिरा’ हे नाव बेट या अर्थाच्या अरबी ‘जझीरा’ शब्दावरून आले, हा धडाही बोटीवरच झाला. किल्ला पाहायचा राहिला. पण चाळीसही मुले सुखरूप घरी आली.

आपल्या किनाऱ्याने याच्या उलट दिवसही पाहिला आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी हवेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कितीतरी घरांना ती आठवण आहे. तिचा बोध दर्याकडे पाठ फिरवा असा नाही. दर्याचा वेळ-काळ ओळखा, असा आहे.

पालकहो, सहली बंद केल्या तर काय होईल? मुलगे मित्रांबरोबर जातीलच, आणि त्यांना अडवणारे वडीलधारे कोणी बरोबर नसेल. घरी बसतील त्या मुली. त्या सहलीनंतर पुढच्या वर्षीच्या यादीतून प्रथम गळाली ती मुलींचीच नावे, हे मी खेदाने सांगतो.

तेव्हा बंदीऐवजी नियम करू या. पावसाळ्यात दर्यावरची सहल काढू नये. प्रत्येक सहलीला एक दिवस आणि त्याचा खर्च राखून ठेवावा, म्हणजे परतीच्या घाईने कोणी धोका पत्करणार नाही. हवामान खात्याची सूचना रोज पाहावी. जीवरक्षक जाकिटाशिवाय कोणी होडीत पाय ठेवू नये. रोज संध्याकाळी घरोघरी निरोप जावा. आणि तांडेल ‘नाही’ म्हणाला, तर तो शब्द अखेरचा मानावा.

विद्यार्थी मित्रांनो, त्या तांडेलांजवळ पदवी नव्हती, पण ज्ञान होते आणि ते लोभापुढे न झुकवण्याची हिंमतही होती. तुम्ही पदव्या जरूर मिळवा. त्यांच्या जोडीला ही हिंमतही कमवा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.