मोजणाऱ्यालाही मोजा

(तोयोसु, टोकियो येथील मराठी मित्रांच्या मेळाव्यातील छोटे भाषण)



तोयोसुत मोजमापाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. इथला मासळीबाजार नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू व्हायचा होता. ती जागा जुन्या गॅस कारखान्याची. जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या भूजलात मानकाच्या ७९ पट बेन्झीन असल्याचे जाहीर झाले. बाजार अखेर ऑक्टोबर २०१८ मध्ये उघडला.

माझे मोजमाप लहान जागेतले, डिशमध्ये वाढवलेल्या हृदयपेशींचे. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेतल्या पेशींचे स्टेम सेलसारख्या पेशींत रूपांतर करून दाखवले. त्यांपासून आता हृदयपेशी बनवतात. त्या डिशमध्ये चक्क धडधडतात! पण धडधडणारी पेशी निरोगी असतेच असे नाही. औषधाने तिची ऊर्जानिर्मिती बिघडली, तरी ती काही काळ धडधडत राहू शकते. म्हणून ती किती ऑक्सिजन घेते आणि किती लॅक्टेट टाकते, हे पाहायचे.

प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर ऑक्सिजनचे क्षपण होते आणि त्याच्या प्रमाणात विद्युतप्रवाह मिळतो. लॅक्टेटसाठी इलेक्ट्रोडवर एका एन्झाइमचा थर देतात. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि ते मोजले जाते. गंमत अशी, की ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड स्वतःच थोडा ऑक्सिजन खातो! म्हणून तो अगदी बारीक ठेवावा लागतो.

एकदा औषध घातल्यावर प्रवाह उतरत गेला. पेशी जास्त ऑक्सिजन घेऊ लागल्या, असे समजून मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी पेशी नसलेल्या डिशमध्येही प्रवाह तसाच उतरला. द्रावणातली प्रथिने इलेक्ट्रोडवर बसली होती. रिकामी डिश आधी तपासली नाही, ही चूक माझी.

आणखी एक गोष्ट. या पेशी बाल्यावस्थेतल्या असतात, त्यांचा भर ग्लुकोजवर. प्रौढ हृदय मुख्यतः मेदाम्लांवर चालते. त्यामुळे डिशमधले उत्तर जसेच्या तसे रुग्णाला लावता येत नाही.

अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस आणि भारताने २०२३ मध्ये औषधचाचण्यांत प्राण्यांऐवजी अशा पद्धती वापरण्याची वाट मोकळी केली. मला त्याचा आनंद आहे. पण उंदीर वाचवताना माणूस धोक्यात घालायचा नसेल, तर रिकाम्या डिशचे आकडेही प्रत्येक निष्कर्षासोबत मांडले गेले पाहिजेत. मोजल्याशिवाय मानू नये, हे आपण इतरांना नेहमी सांगतो. मापही तपासून घ्यावे, हे स्वतःला सांगायला हवे.