घरचा स्वयंपाक आणि शाळेचा पाठ



मुलांना लहानपणीच थोडाफार स्वयंपाक यावा, याविषयी दुमत नसावे. इ. स. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार महात्मा गांधींनी मांडला. असे काम प्रत्येक घरात रोजच चालते; त्यासाठी अनुदान लागत नाही. मात्र स्वयंपाक शिकणे निराळे आणि स्वयंपाकाला जुंपले जाणे निराळे. हा भेद शिक्षकाने ओळखला पाहिजे.

तिसरीतील एखादी मुलगी रोज प्रार्थना संपल्यावर शाळेत येते. शिक्षक घरी चौकशीस जातात, तेव्हा कळते की आई उजाडताच मजुरीला जाते. भाकऱ्या थापून, धाकट्याला भरवून मगच मुलीची सुटका होते. तिच्याहून वर्षाने मोठा भाऊ मात्र पहिल्या घंटेला वर्गात हजर असतो. अशा मुलीला बोल लावणे अन्यायाचे होय. आईलाही दोष देता येत नाही. तिच्या कष्टावरच घर चालते. दोघा भावंडांनी आदल्या सांजेस पीठ चाळून, पाणी व सरपण जवळ आणून ठेवावे, आईने निघण्यापूर्वी भाकऱ्या भाजाव्यात आणि धाकट्याला भरवण्याची पाळी भावाने घ्यावी, एवढे गोडीने पटवून दिले तरी मुलीची शाळा बुडत नाही. विस्तवापाशी एकटे मूल राहत नाही, हा लाभ तर सर्वांत मोठा.

शिकवण्याचा क्रम वयाला धरून असावा. पाचसहा वर्षांच्या मुलाने मेथी निवडावी, मटार सोलावेत, ताटे मांडावीत. सातआठ वर्षांच्या मुलाने कणीक मळावी, काकडीची कोशिंबीर कालवावी. चुलीशी वा गॅसशी गाठ दहाव्या वर्षाच्या सुमारास पडावी, आणि तीही वडील माणूस शेजारी असतानाच. पदर, ओढणी, केस बांधलेले असावेत. भाजलेच, तर तूप, शाई वा टूथपेस्ट न लावता तो भाग २० मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरावा. नळ नसल्यास तांब्याने संथ धार सोडावी. भाजणे मोठे असेल तर विलंब न लावता दवाखाना गाठावा.

या कामाचा धागा वर्गाशी जोडणे शिक्षकाच्या हाती आहे. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, तर पाच वाट्यांना किती? हे उदाहरण फळ्यावरच्या आकड्यांहून लवकर उमगते. रात्री भिजवलेली मटकी सकाळी उपसून फडक्यात बांधली, की दुसऱ्या दिवशी मोड दिसतात. बीजांकुरणाचा पाठ तेथेच होतो. पिठल्याची कृती क्रमवार लिहिणे हा निबंधच होय. अशा तासाला उशिरा येणारी ती मुलगी सर्वांच्या पुढे असते. तिने भाकरीचे पीठ कसे मळावे हे सांगावे आणि मुलांनी ऐकावे. तिच्या ज्ञानाला वर्गात मान मिळतो, तो दिवस तिच्या शिक्षणातील मोलाचा दिवस असतो.

स्वयंपाक हे मुलीचे काम नव्हे, माणसाचे काम आहे. आई तापाने पडली असता चौथीतला मुलगा, वडिलांच्या देखरेखीखाली का होईना, तिच्यासाठी पेज करू शकला, तर शाळेने त्याला काही शिकवले असे खुशाल म्हणावे.