शिस्त : शिक्षा आणि संस्कार



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी दानशूर पूर्वजांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. जैन समाजाने मंदिरांच्या बरोबरीने विद्यार्थी वसतिगृहेही उभारली. खेड्यातील हुशार मुलाला शहरात निवारा मिळावा, शुद्ध आहार मिळावा आणि धर्मसंस्कार टिकावेत, हा त्यामागील हेतू. जेथे विद्यार्थी एकत्र राहतात तेथे नियम आले. नियम आले की नियमभंग आला आणि नियमभंग झाला की शिक्षेचा प्रश्न उभा राहतो. आजचा विषय हाच आहे.

महाविद्यालयात प्रवेश घेताना प्रत्येक विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनी ते बंधनकारक केले आहे. व्यापारात रुपयाची पावतीही तपासून घेणारे पालक या कागदावर मात्र न वाचताच सही करतात. वस्तुतः त्यात गंभीर परिणाम सांगितलेले असतात. वर्गातून निलंबन, शिष्यवृत्ती रोखणे, परीक्षेस मनाई, वसतिगृहातून काढणे, एक ते चार सत्रांपर्यंत निष्कासन आणि अखेरीस कायमची हकालपट्टी, अशा त्या शिक्षा आहेत. दोषी कोण हे निश्चित झाले नाही तर सामूहिक शिक्षेचीही तरतूद आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा तर 1999 पासून आहे. त्यानुसार रॅगिंगसाठी दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यास पाच वर्षे कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करण्याचे बंधन संस्थाप्रमुखावर आहे. ज्या नवागत मुलाचा छळ होतो त्याच्या दृष्टीने ही कठोरता आवश्यकच आहे. अहिंसा हे ज्या समाजाचे ब्रीद, त्या समाजातील मुलाच्या हातून दुबळ्याचा छळ घडावा, यापेक्षा मोठी नामुष्की नाही.

परंतु कठोरता म्हणजे घाई नव्हे. उत्तर प्रदेशातील तीन विद्यार्थी 1954 ची इंटरमिजिएट परीक्षा उत्तीर्ण झाले होते. पुढे गैरप्रकाराच्या आरोपावरून मंडळाने त्यांचा निकाल रद्द केला आणि पुढील वर्षीच्या परीक्षेसही त्यांना मनाई केली. त्यांचे म्हणणे मात्र कोणी ऐकले नव्हते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. विद्यार्थ्याच्या भवितव्यावर परिणाम करणारा असा निर्णय घेण्यापूर्वी त्याला बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे, असे न्यायालयाने 1962 मध्ये सांगितले. दुसरे प्रकरण रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील. मुलींच्या वसतिगृहात रात्री शिरल्याचा आरोप काही विद्यार्थ्यांवर होता. मुलींची साक्ष आरोपी विद्यार्थ्यांच्या समोर घेतली गेली नाही. मात्र त्यांना आरोप सांगून त्यांचे म्हणणे ऐकण्यात आले. 1973 मध्ये न्यायालयाने ही कारवाई योग्य ठरवली. दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहिले म्हणजे मार्ग स्पष्ट होतो. आरोपीचे ऐकावयाचे, पण तक्रारदारास भयमुक्तही ठेवावयाचे. वस्तूला अनेक बाजू असतात हे ज्यांना अनेकांतवादाने शिकवले, त्यांना हा न्याय परका वाटू नये.

शिक्षेच्या प्रमाणाविषयीही जैन परंपरेने सूक्ष्म विचार केला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार दिले आहेत : आलोचना, प्रतिक्रमण, तदुभय, विवेक, व्युत्सर्ग, तप, छेद, परिहार आणि उपस्थापना. गुरूंसमोर दोष निवेदन करण्यापासून प्रारंभ होतो. पुढे परिहारात काही काळ संघापासून दूर ठेवणे येते. पण क्रम तेथे संपत नाही. शेवटची पायरी उपस्थापनेची, म्हणजे पुन्हा दीक्षा देऊन स्थापित करण्याची आहे. जमाखर्चात चुकीची रक्कम पडली तर वहीचे पान फाडीत नाहीत; दुरुस्तीची नोंद करतात. विद्यार्थ्याच्या बाबतीतही हाच विवेक हवा.

या संदर्भात एक इतिहास समाजाने विसरू नये. कुंभोजच्या जैन कुटुंबात 1887 मध्ये जन्मलेला एक विद्यार्थी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी 1908 मध्ये तेथे मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभाला हा विद्यार्थी गेला. परत आल्यावर स्नान करूनच भोजनगृहात यावे, हा नियम त्याने मानला नाही आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याला 1924 मध्ये असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत व एका पंक्तीत जेवत. महात्मा गांधींच्या हस्ते 1927 मध्ये त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. पुणे विद्यापीठाने 1959 मध्ये कर्मवीरांना सन्माननीय डी. लिट. देऊन गौरविले आणि 2021 मध्ये साताऱ्यात त्यांच्याच नावाचे विद्यापीठ उभे राहिले.

नियम मोडणारा प्रत्येक विद्यार्थी कर्मवीर नसतो, हे खरे. कर्मवीरांच्या वसतिगृहातही शिस्त कडक होती. मुले स्वतः श्रम करीत. पण त्या शिस्तीचा हेतू मुलांना स्वावलंबी करण्याचा होता, कोणाला दूर लोटण्याचा नव्हता. तेव्हा नियमभंग करणाऱ्याला तपासण्यापूर्वी नियमही तपासावा, हा त्या घटनेचा बोध आहे.

समाजाच्या वसतिगृहांनी म्हणूनच काही पथ्ये पाळावीत. नियम लेखी व मातृभाषेत असावेत आणि प्रत्येक नियमाचे कारण सांगता यावे. शिक्षा देण्यापूर्वी आरोप कळवावा, म्हणणे ऐकून घ्यावे आणि निर्णय कारणांसह लिहून द्यावा. ज्याने तक्रार ऐकली त्याच्याहून निराळ्या व्यक्तीकडे अपील असावे. विश्वस्ताचा मुलगा आणि गरीब खेडूताचा मुलगा यांना एकच माप लावावे. छळाची तक्रार मात्र संस्थेच्या अब्रूसाठी कधीही दाबू नये; संस्थेची खरी अब्रू त्या मुलाच्या सुरक्षिततेत आहे.

पन्नास वर्षांत ट्रस्टने किती खोल्या बांधल्या याची नोंद या स्मरणिकेत होईल. चुकलेल्या किती मुलांना सांभाळून पुन्हा उभे केले, ही नोंद कोठे छापली जात नाही. पण पुढील पन्नास वर्षांचा पाया तीच आहे.

जय जिनेंद्र.